एमबीबीएसनंतर परदेशात संशोधन: घोडे अडते लखोट्यात

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातली एमबीबीएस झालेली मुले-मुली परदेशाचे नाव काढू लागली की घरात दोनच गोष्टी निघतात: तिकडे डॉक्टरकी करायला लागणारी अमेरिकेची यूएसएमएलई परीक्षा, नाहीतर इंग्लंडची प्लॅब. रुग्ण तपासणे सोडून प्रयोगशाळेत किंवा आकडेवारीत शिरायचे, म्हणजे इम्युनॉलॉजी, न्यूरोसायन्स, जेनेटिक्स, एपिडेमिऑलॉजी, बायोस्टॅटिस्टिक्स अशा विषयात एमएस (सर्जरीची नव्हे, मास्टर ऑफ सायन्स) वा पीएचडी करायची, ही तिसरी वाट कुणी फारशी समजावून सांगत नाही. या वाटेला लागणारे थोडे असतात, पण दरवर्षी असतात. आणि त्यांतल्या बऱ्याच जणांची गाडी हुशारीवर अडत नाही, कागदांवर अडते. आपल्या अंकात परदेशी शिक्षणाच्या जाहिराती भरपूर येतात. त्यांत जे नसते ते या पत्रात लिहीत आहे.

पहिला गैरसमज परीक्षेचा. पीएचडीच्या प्रवेशासाठी यूएसएमएलई लागत नाही, ईसीएफएमजीचे (परदेशी डॉक्टरांची पात्रता तपासणाऱ्या अमेरिकन संस्थेचे) प्रमाणपत्र लागत नाही, आपल्याकडची नीट-पीजीही कुणी विचारत नाही. जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा पूर्वी बहुतेक ठिकाणी होती. अमेरिकेतल्या जैववैद्यकीय पीएचडी विभागांपैकी पुष्कळांनी ती गेल्या काही वर्षांत काढून टाकली आहे. जिथे मागतात तिथे ती सप्टेंबर २०२३ पासून १ तास ५८ मिनिटांची आहे आणि गुण ५ वर्षे चालतात. इंग्रजीची परीक्षा मात्र बहुतेकांना द्यावीच लागते. टोफेल वा आयईएलटीएसचे गुण २ वर्षेच चालतात, त्यामुळे इंटर्नशिपच्या सुरुवातीला हौसेने देऊन ठेवलेली परीक्षा ऐन अर्जाच्या वेळी शिळी होऊ शकते. जानेवारी २०२६ पासून टोफेलचे गुण १ ते ६ या मापात येतात. विभागाच्या पानावर अजून जुने '१००' लिहिलेले दिसले तर घाबरू नये, गुणपत्रकावर तूर्त १२० च्या मापातला तुलनेचा आकडाही छापलेला असतो.

उलट बाजूही सांगायला हवी. पीएचडी ही रेसिडेन्सीची, म्हणजे तिकडच्या रुग्णालयातल्या पदव्युत्तर डॉक्टरी प्रशिक्षणाची, मागची शिडी नाही. विद्यार्थी व्हिसावर रुग्णाला हात लावता येत नाही आणि पीएचडीची वर्षे क्लिनिकल अनुभवात धरत नाहीत. ज्यांनी स्टेप १ (यूएसएमएलईची पहिली परीक्षा) आधीच दिली आहे त्यांनी विशेष जपावे: ईसीएफएमजी प्रमाणपत्रासाठी लागणाऱ्या परीक्षा ७ वर्षांच्या आत पार पडाव्या लागतात, आणि अमेरिकेत पीएचडी ५-६ वर्षे चालते. स्टेप १ देऊन पीएचडीत शिरलेला माणूस बाहेर येईतो पहिल्या परीक्षेची मुदत संपत आलेली असते. शिवाय बरेच रेसिडेन्सी विभाग एमबीबीएस होऊन किती वर्षे झाली तेच आधी बघतात. दोन्ही दगडांवर पाय ठेवायचाच असेल तर हा हिशेब कागदावर मांडून मगच ठेवावा.

आता मूळ दुखणे, ट्रान्स्क्रिप्टचे, म्हणजे विद्यापीठाने द्यायच्या विषयवार अधिकृत नोंदीचे.

परदेशातल्या निवड समितीत बसलेल्या माणसाला एमबीबीएस म्हणजे काय हे ठाऊक असेलच असे नाही. त्याला चार वर्षांची बीएस कळते, तिच्यातले क्रेडिट, म्हणजे शिकवलेल्या तासांवर ठरणारे एकक, कळतात. आपल्या मार्क्स कार्डावर विषय असतो, थिअरी, प्रॅक्टिकल, व्हायव्हा आणि इंटर्नल यांचे गुण असतात. किती तास शिकवले ते नसते. म्हणून मूल्यांकन संस्थांकडून, म्हणजे वेस किंवा ईसीई यांच्याकडून, विषयवार अहवाल मागवतात. हा अहवाल चांगला यायचा तर विद्यापीठाकडून येणाऱ्या ट्रान्स्क्रिप्टमध्ये प्रत्येक विषयाचे थिअरीचे आणि प्रॅक्टिकल-क्लिनिकलचे तास, शिकवण्याचे माध्यम, एकूण कालावधी (साडेचार वर्षे अधिक एक वर्ष इंटर्नशिप) आणि उत्तीर्ण होण्याची किमान टक्केवारी हे सगळे असायला हवे. नुसत्या मार्क्स कार्डांच्या साक्षांकित झेरॉक्सवर काम भागते असे समजून पुष्कळ जण तिथेच दोन महिने घालवतात.

सीमाभागात यात आणखी एक पेच आहे. ट्रान्स्क्रिप्ट कॉलेज देत नाही, विद्यापीठ देते, आणि आपल्याकडे विद्यापीठे एक नाहीत. बिम्सचा (बेळगावच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा) विद्यार्थी बंगळूरच्या राजीव गांधी आरोग्य विद्यापीठाचा. जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाची गोष्ट बॅचवर ठरते: कॉलेज १९६३ चे, त्या वेळच्या पदव्या धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या, राजीव गांधी विद्यापीठ १९९६ ला आले, २००६ ला केएलई अभिमत विद्यापीठ झाले. एकाच इमारतीत शिकलेल्या तीन पिढ्यांनी तीन वेगळ्या दारांत अर्ज करायचा. सीमावादग्रस्त ८६५ गावांच्या राखीव जागेतून महाराष्ट्रात एमबीबीएस केलेल्यांनी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे जायचे. कर्नाटकात हे काम रजिस्ट्रार इव्हॅल्युएशन यांच्या कार्यालयाचे, महाराष्ट्रात परीक्षा नियंत्रकांचे. चुकीच्या टेबलावर गेलेला अर्ज परत येत नाही, नुसता पडून राहतो. पदवी ज्या राज्याची, त्या राज्यातच तिचे सरकारी साक्षांकन होते, माणूस राहतो त्या राज्यात नाही. म्हणजे बेळगावात राहून महाराष्ट्रात शिकलेल्याने या कामाला मुंबई गाठायची, बंगळूर नव्हे. (अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारे परराष्ट्र मंत्रालयाचे साक्षांकन, प्रवेशाच्या वेळी फार थोडी विद्यापीठे मागतात. मागितल्याशिवाय करू नये, पैसे वाया जातात.)

लखोट्याचे नियम विनोदी वाटावेत इतके कडक आहेत. मूल्यांकन संस्थेकडे नोंदणी केली की एक संदर्भ क्रमांक मिळतो. तो विद्यापीठाला दिलेल्या अर्जात आणि लखोट्यावरही लिहिलेला पाहिजे. नाहीतर लखोटा पोचतो, पण कुणाच्या खात्यात टाकायचा ते तिथे कळत नाही. लखोटा विद्यापीठाने बंद करून चिकटवलेल्या तोंडावर सही-शिक्का मारायचा आणि स्वतःच पाठवायचा. विद्यार्थ्याने "आत काय लिहिलंय बघू" म्हणून तो उघडला की संपले, पुन्हा पहिल्यापासून. स्वतःला पाहायला हवा असेल तर एक जादा संच वेगळा मागून घ्यावा. तो हातात पडला की विषयांची नावे आणि गुण मार्क्स कार्डांशी ताडून बघावेत. टायपिंगची चूक राहते, आणि ती सापडते नेमकी तिकडच्या माणसाला.

नावांचाही घोळ सोडवून घ्यावा. दहावीच्या कार्डावर आडनाव आधी, एमबीबीएसच्या कार्डावर नुसती आद्याक्षरे, पासपोर्टवर वडिलांचे पूर्ण नाव, ही आपल्याकडची नेहमीची तऱ्हा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींना तर चौथे रूप असते. पासपोर्टवर जसे आहे तसेच नाव अर्जात, परीक्षेत आणि मूल्यांकनात वापरावे. बाकी रूपे एकाच व्यक्तीची आहेत असे नोटरीकडे प्रतिज्ञापत्र करून पीडीएफ तयार ठेवावी. गावाच्या नावाचाही प्रश्न येतो. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदांवर बेळगावचे 'बेळगावी' आणि बंगळूरचे 'बेंगळुरू' झाले. त्यामुळे एकाच फाइलमध्ये जुन्या कार्डावर एक स्पेलिंग, नव्यावर दुसरे. नावाबद्दल आपली भावना काय असायची ती असो, तिकडच्या कारकुनाला ही दोन वेगळी शहरे वाटतात. अर्जात एक ओळ टाकावी की शहर तेच, अधिकृत नाव २०१४ मध्ये बदलले.

गुणांचे भाषांतर ही तर वेगळीच गंमत आहे. एमबीबीएसला ६५ टक्के म्हणजे आपल्याकडे चांगला विद्यार्थी. अमेरिकन मूल्यांकनवाल्यांना भारतीय फर्स्ट क्लास म्हणजे काय हे माहीत असते, ते टक्केवारी जशीच्या तशी घेत नाहीत. जर्मनीत मात्र सूत्र चालते: कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करा, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकाने भागा, तिनाने गुणा, एक मिळवा. एमबीबीएसला पास ५० ला, म्हणून ६५ चे होतात ३.१, आणि ७५ चे, म्हणजे डिस्टिंक्शनचे, २.५. तिथे १ सर्वोत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास. अनेक मास्टर्स विभाग २.५ ची अट घालतात, म्हणजे एमबीबीएसचा डिस्टिंक्शनवाला जेमतेम दारापर्यंत. म्हणून टक्केवारी एकटी पाठवू नये. बॅचमध्ये कितवा क्रमांक, त्या वर्षी त्या विषयात किती जणांना ६० च्या वर आणि किती जणांना ७५ च्या वर गुण पडले, असे पत्र डीनच्या सहीने मिळाले तर ६५ चे वजन कळते. सगळे विषय पहिल्या प्रयत्नात सुटले असतील तर अटेम्प्ट सर्टिफिकेटही जोडावे. आपल्याकडे हे सर्टिफिकेट सहज मिळते, क्रमांकाचे पत्र क्वचितच.

गुणांपेक्षा जड वस्तू म्हणजे संशोधनाचा पुरावा. इथे बेळगावच्या मुलांनी रडण्याचे काही कारण नाही. २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेला मिसोप्रोस्टॉल या रक्तस्राव रोखणाऱ्या गोळीचा अभ्यास याच जिल्ह्यातल्या खेड्यांत झाला: १६२० बाळंतिणी, गोळी देणाऱ्या एएनएम (गावातल्या आरोग्यसेविका), आणि बाळंतपणानंतरचा मोठा रक्तस्राव खोटी गोळी मिळालेल्या गटात १२ टक्के, खरी मिळालेल्या गटात ६.४ टक्के. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) पारंपरिक वैद्यकावरची राष्ट्रीय संस्था आपल्या बेळगावातच आहे. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी आयसीएमआरची दोन महिन्यांची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप १९७९ पासून चालू आहे. पण स्टुडंटशिपचा अहवाल सादर करून विसरून गेलेला विद्यार्थी अर्जात एक ओळ लिहून मोकळा होतो. समितीला हवे असते ते वेगळे: नमुना किती जणांचा, तो का तेवढाच, माहिती कशात भरली, कुठली चाचणी लावली, काय फसले. आर किंवा स्टाटा या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः विश्लेषण केले असेल तर ते ठळकपणे सांगावे. कारण डॉक्टरांच्या अर्जात समिती सर्वांत आधी गणित शोधते, आणि एमबीबीएसच्या ट्रान्स्क्रिप्टमध्ये गणित नसतेच. पीएसएमच्या (सामाजिक वैद्यकाच्या) पेपरात दडलेले बायोस्टॅटिस्टिक्स तिथे कुणाला दिसत नाही. एनपीटीईएलचा (आयआयटींच्या ऑनलाइन वर्गांचा) संख्याशास्त्राचा कोर्स प्रत्यक्ष परीक्षा देऊन पुरा केला तर ही पोकळी थोडी भरते.

शिफारसपत्रे तीन लागतात. आपल्याकडचे पत्र साधारण असे: "अमुक विद्यार्थी प्रामाणिक, आज्ञाधारक व कष्टाळू आहे, त्याला उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा." मोठ्या सरांचे, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासकट. तिकडे याची किंमत शून्य, आणि 'आज्ञाधारक' हा शब्द तर उलटा लागतो. विभागप्रमुखांपेक्षा ज्या सहयोगी प्राध्यापकांनी खरोखर काम करून घेतले त्यांचे पत्र घ्यावे, आणि त्यांना आपल्या प्रकल्पाची टिपणे आधी द्यावीत. पत्र त्यांनी स्वतःच्या संस्थेच्या ई-मेलवरून, आलेल्या लिंकवर चढवायचे असते. जीमेलचा पत्ता दिला की शंका घेतात. विद्यार्थ्यानेच पत्र लिहून सरांची नुसती सही घेण्याची पद्धत सर्रास आहे. तिन्ही पत्रांत तीच वाक्यरचना दिसली की तिकडे ते लगेच ओळखतात. सरांना सप्टेंबरातच सांगून ठेवावे, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिवाळी, विद्यापीठाच्या परीक्षा आणि तपासण्या यांत ते सापडत नाहीत.

स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे हा विषय का निवडला ते सांगणारे निवेदन, दोन पानांचे. "लहानपणी आजोबांचे आजारपण पाहिले आणि डॉक्टर व्हायचे ठरवले" या सुरुवातीने दीड परिच्छेद जातो. समितीच्या मनात प्रश्न एकच असतो: हा माणूस डॉक्टरकी सोडून पाच वर्षे पिपेट धरेल का, की रेसिडेन्सी मिळेपर्यंत इथे थांबायला आलाय? त्याचे सरळ उत्तर दोन-तीन वाक्यांत असावे आणि मग उरलेली जागा एका प्रश्नाला द्यावी. वॉर्डात दिसलेली गोष्ट, तिच्यावर आजवर काय माहीत आहे, काय माहीत नाही, आणि त्या विभागातल्या कोणाच्या कामाशी ती जुळते.

पैशाबाबत जाहिराती पूर्ण चित्र देत नाहीत. अमेरिकेतल्या जैववैद्यकीय पीएचडीत बहुधा फी माफ असते आणि दरमहा स्टायपेंड मिळतो. एमएस किंवा एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स) मात्र बहुधा आपल्या खिशातून. कमिशन मिळते ते मास्टर्सच्या जागांवर, म्हणून शहरातले कन्सल्टंट पीएचडीचे नावही काढत नाहीत. तरी पीएचडीतही एक खाच आहे: एनआयएच या अमेरिकन सरकारी संशोधन संस्थेची टी३२ प्रशिक्षण अनुदाने आणि एफ३१ शिष्यवृत्त्या अमेरिकन नागरिक वा कायम रहिवासी यांनाच मिळतात. परदेशी विद्यार्थ्याचा खर्च विद्यापीठाला वा प्राध्यापकाच्या अनुदानाला सोसावा लागतो, म्हणून परदेशी मुलांच्या जागा थोड्या. अर्जाची फी भरण्याआधी विभागाच्या सचिवांना ई-मेल करून विचारावे की परदेशी विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून निधी असतो का, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत किती जण घेतले. उत्तर येते, आणि तेवढ्यात निम्मी यादी गळते. एमएस-एमपीएच करणाऱ्यांनी विभागाचा सीआयपी कोड (अमेरिकेत प्रत्येक अभ्यासक्रमाला असलेला विषयक्रमांक) पाहावा: एपिडेमिऑलॉजी आणि बायोस्टॅटिस्टिक्सचे कोड २६ ने सुरू होतात आणि स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत आहेत, साध्या पब्लिक हेल्थचा ५१.२२०१ नाही. शिक्षणानंतर कामाची परवानगी १२ महिने की आणखी २४, हे त्या कोडवर ठरते, आणि ४० लाखांचे कर्ज फेडणाऱ्याला हा फरक फार मोठा आहे. फुलब्राइट मिळाली तर आनंद करावाच, पण तिच्या जे-१ व्हिसाबरोबर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट येते हे घरी आधी सांगून ठेवावे. जे. एन. टाटा एंडाउमेंट १८९२ पासून उच्च शिक्षणासाठी कर्ज-शिष्यवृत्ती देते. आपल्या भागात ती कमी जणांना ठाऊक आहे. महाराष्ट्राच्या परदेश शिष्यवृत्त्यांना महाराष्ट्राचा अधिवास लागतो. सीमाभागातली मुले इथे नेहमीप्रमाणे दोन्हीकडून अधांतरी.

जर्मनीला जाणाऱ्यांनी एपीएसचे (पदवीच्या कागदांची खातरजमा करणाऱ्या जर्मन केंद्राचे) प्रमाणपत्र विसरू नये. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय पदवीवर मास्टर्सला जाणाऱ्यांना ते लागते, फी १८ हजार रुपये. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठराविकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, शिष्यवृत्ती किंवा पगारी पद असेल तर नाही. बेळगावकराचा जर्मन व्हिसा बंगळूरच्या वाणिज्य दूतावासाकडे, सीमेपलीकडच्या चंदगड-गडहिंग्लजकराचा मुंबईकडे. तिथली पीएचडी बहुधा जाहिरात निघालेले पगारी पद असते, त्यामुळे प्राध्यापकाला थेट लिहावे लागते. अमेरिकेत याच्या उलट: पहिले वर्ष तीन प्रयोगशाळांत फिरायचे, मग गाइड निवडायचा.

कझाकस्तान, रशिया, जॉर्जियाहून एमबीबीएस करून आलेल्यांसाठी एक दिलासा. या वाटेला एफएमजीई लागत नाही. ती भारतात प्रॅक्टिस करण्यासाठी. काही देशांच्या डिप्लोम्याच्या पुरवणीत तास आणि क्रेडिट छापलेलेच असतात, तेव्हा मूल्यांकन आपल्यापेक्षा सोपे जाते. पण पुरवणीचे अधिकृत इंग्रजी भाषांतर आणि विद्यापीठाने बंद केलेले दोन लखोटे तिथून निघण्याआधीच घ्यावेत. निपाणीत बसून तिकडच्या डीन ऑफिसला फोन लावणे सोपे नाही.

वेळेचा हिशेब असा. बहुतेक अमेरिकन अर्ज डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बंद होतात, मुलाखती जानेवारी-फेब्रुवारीत, निधीच्या प्रस्तावाला उत्तर द्यायची तारीख १५ एप्रिल. म्हणजे मार्च-एप्रिलात ट्रान्स्क्रिप्टसाठी आपल्या विद्यापीठाकडे अर्ज, जुलैपर्यंत मूल्यांकन, ऑगस्टात इंग्रजीची परीक्षा. इंटर्नशिप चालू असताना अर्ज करता येतो, पदवी रुजू होण्याआधी हाती पाहिजे. कन्व्होकेशनची वाट न पाहता प्रोव्हिजनल डिग्री काढावी. सरकारी जागेवर शिकलेल्यांनी कर्नाटकाच्या २०१२ च्या सक्तीच्या सेवेच्या कायद्याखाली आपल्या बॅचला काय लागू आहे ते लेखी विचारून घ्यावे, नाहीतर ऐन जुलैत मूळ कागद अडकलेले असतात. मुलाखत ऑनलाइन असते. हिवाळ्यात बोस्टनचे सकाळचे १० म्हणजे आपल्या रात्रीचे साडेआठ. खानापूरकडे राहणाऱ्यांनी त्या रात्री इन्व्हर्टर चार्ज करून ठेवावा.

आपल्या दैनिकामार्फत वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्राचार्यांना एवढीच विनंती. ट्रान्स्क्रिप्टसाठी विषयवार तासांचा तक्ता एकदाच तयार करावा, तो प्रत्येक बॅचच्या अभ्यासक्रमाप्रमाणे वेगळा असेल, आणि वेबसाइटवर टाकावा. बॅचमधल्या क्रमांकाचे आणि गुणविभागणीचे पत्र ठराविक फी घेऊन ठराविक दिवसांत मिळावे. ही दोन कामे एका क्लार्कची, फार तर आठवड्याची आहेत.

आपला,
वैद्यकीय शिक्षक, टिळकवाडी, बेळगाव